ज्या पाण्याचा मासा, त्या पाण्याचं लाकूड

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादी बाई वेडंवाकडं खोड घेऊन रिक्षावाल्याशी भांडताना दिसली, तर ती आक्काताई समजावी. रिक्षावाला म्हणतो, लाकूड आत घालू देणार नाही, सीट फाटते. आक्काताई म्हणते, "सीट आदीच फाटल्याली हाय, मी बगितलोय." शेवटी लाकूड सीटवर आणि आक्काताई त्याला धरून अर्धी बाहेर, अशी ती वरात घरापर्यंत येते. मी तिचा शेजारी. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून माझा बराच वेळ तिच्या दारातल्या लाकडांना अडखळण्यात जातो, आणि त्यावरून मी तिच्याशी नेमाने भांडतो. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक बुडखा आणून ठेवते.

तिचा थोरला भाऊ गणपती मेलेल्या माशांत पेंढा भरतो. पेंढा हा आपला जुना शब्द. आता आत भुसा, तारा आणि हलक्या लाकडाचा कोरलेला सांगाडा असतो. त्यांचे वडील वाघ-सांबरं भरायचे. शिकारीला बंदी आली तसा तो धंदा बसला, आणि गणपतीदा माशांकडे वळला. गळ टाकून बसणारे हौशी लोक आपल्याकडे थोडे नाहीत. एखाद्याला जन्मात एकदा मोठा मासा लागतो, आणि मग तो दिवाणखान्यात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कातडं सोलायचं, कमवायचं, काचेचा डोळा बसवायचा, रंग द्यायचा, हे भावाचं काम. मासा ज्याच्यावर बसतो ते लाकूड आणणं बहिणीचं. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा गणपतीदा फळीवर मासे ठोकत असे. हिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "फळीवर मासा म्हंजे दुकानातला वाटतोय, दादा." तेव्हापासून फळी गेली.

पंचगंगेचा पूर ओसरला की लोक घरातला चिखल काढत असतात आणि ही कोयता आणि कासरा घेऊन काठाने हिंडत असते. पुराने आणलेली खोडं, मुळं, फांद्या चिखलात रुतून पडलेली असतात. बोटाने टकटक करून बघते, वास घेते, नखाने ओरखडते. खिळा असलेलं लाकूड नको, कारण ते कुणाच्या तरी दाराचं किंवा गोठ्याचं असतं. स्मशानाच्या अंगाचं तर नकोच. उंबर दिसला तर हात जोडून पुढे जाते. आणलेलं लाकूड सावलीत वाळवायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, किडीसाठी औषध पाजायचं, आणि मग महिनोन् महिने माझ्या पायात येईल असं ठेवून द्यायचं.

एवढ्यावर थांबली असती तरी मी काही बोललो नसतो. पण तिचा एक नेम आहे. ज्या पाण्याचा मासा, त्याच पाण्याचं लाकूड. मासा राजाराम तलावातला असेल तर लाकूड राजाराम तलावाच्या काठचं. दूधगंगेचा असेल तर दूधगंगेचं. एकदा कुणाच्या तरी मरळ माशासाठी मी तिच्याच ढिगातलं एक झकास वाळलेलं खोड दाखवलं. म्हणाली, "ही वारणेचं हाय, बापू. मरळ हिकडची." मी म्हटलं, "मेलेल्या माशाला काय कळतंय?" तर म्हणाली, "त्याला न्हाय कळत. मला कळतंय की." अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तरी मी बराच वेळ घातला.

आणखी एक रीत त्या घराची. कातडं गिऱ्हाइकाचं, मांस घरचं. मासा बर्फात ताजा आला असेल तर सोलून झाल्यावर आक्काताई मोठ्या पातेल्यात रस्सा करते आणि गल्लीत वाट्या फिरतात. या रीतीमुळे तिच्या लाकडांबद्दल गल्लीतून आजवर लेखी तक्रार झालेली नाही.

मागच्या वर्षी दिवाळी सरता सरता राजवर्धन नावाचा एक तरणा बांधकामवाला मासा घेऊन आला. खडस, म्हणजे महसीर. थर्माकोलचं खोकं त्याच्या ड्रायव्हरने आणि त्याने मिळून आत आणलं, एवढा तो मोठा. खवले तळहाताएवढे, आणि अंगावर अशी सोनेरी झाक की गणपतीदा त्याच्यापुढे स्टूलच घेऊन बसला. डाव्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग होता आणि वरचा ओठ कधीतरी फाटून पुन्हा जुळलेला. "ती डागबिग जायला पायजे हां," राजवर्धन म्हणाला. गणपतीदा म्हणाला, "ती बाजू भिंतीला घालू. शिवणपन तिकडंच येतीया." कुठे मिळाला विचारलं तर म्हणाला, चंदगडकडे, मित्राच्या फार्महाऊसला गेलतो. त्यापुढे त्याने विषय वाढवला नाही.

गणपतीदाचे हात गेली दोन वर्षं कापतात. रंगाचा ब्रश धरताना उजवा हात डाव्या हाताने धरावा लागतो. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "बापू, ह्यो शेवटचा. ह्याच्यासारका परत यायचा न्हाय, आनी आला तरी माज्यानं व्हायचा न्हाय." आक्काताई आत रश्श्याला खोबरं वाटत होती. तिने ते ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच. दादाचा शेवटचा मासा, तर त्याला लाकूडही तसंच पाहिजे. रस्सा मात्र त्या रात्री असा काही झाला होता की मी दुसऱ्यांदा वाटी पाठवली.

तिने राजवर्धनचा ड्रायव्हर गाठला आणि चहा पाजून गावाचं नाव काढून घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तसं ठरलं आहे. चंदगड तालुक्यात डोंगराच्या कुशीतलं, काजूच्या बागांच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे. मार्गशीर्षात एके सकाळी ती एसटीने गेली. तिथे काय झालं ते तिने परत आल्यावर मला सांगितलं. चंदगडची बोली आपल्यापेक्षा वेगळी, पण आक्काताई गोष्ट सांगताना सगळ्या जगाला आपल्याच बोलीत बोलायला लावते, तेव्हा मीही तसंच लिहितो.

गावाबाहेर नदी वळण घेते, तिथे खोल डोह आहे आणि डोहाच्या अंगाला देवीची राई. राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. पडलेलं तिथेच कुजतं. पण गेल्या पावसाळ्यात नदीने राईचा काठ खाल्ला आणि जांभळीचं एक जुनं मूळ धुऊन बाहेर वाळूत टाकलं. आक्काताईने ते लांबूनच बघितलं. मुळाचे फाटे असे पसरलेले की मासा त्यांच्यामधून पोहत निघालाय असं बसवता यावं. गावातही त्या लाकडावरून पावसाळ्यापासून वाद चालला होता. काही म्हणत, राईच्या बाहेर पडलं म्हणजे ते नदीचं, आणि नदीचं ते सापडेल त्याचं. काही म्हणत, देवीचं ते देवीचं, मग ते कुठेही वाहत जावो. वाद मिटत नव्हता, म्हणून लाकूडही तसंच पडून होतं.

"मग इचारा की देवीला," आक्काताई म्हणाली.

गुरवाला तिचं बोलणं पटलं. कौल लावायचं ठरलं. देवीच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार. पण प्रश्न विचारायचा तर कारण सांगायला हवं. आक्काताईने सांगितलं, माझा भाऊ मासे भरतो, हे लाकूड त्याच्या माशाला पाहिजे. गुरव म्हणाला, त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलासा? आणि आक्काताईने, जन्मभर ज्याचा अभिमान बाळगला ते वाक्य टाकलं.

"मासा ह्याच पान्याचा हाय. लाकूडबी ह्याच पान्याचं पायजे."

पायरीवर एक म्हातारी भाताचं पातेलं घेऊन बसली होती. बाळाबाई तिचं नाव. ती म्हणाली, "ह्या पान्यात कोन गळ टाकत न्हाय, बाई." डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी मारत नाही, उलट घरटी भात घालतात, आणि बाळाबाई तर नवरा वारल्यापासून रोज घालायची. त्यांतला सगळ्यांत मोठा होता त्याला गाव थोरला म्हणे. म्हातारीने पाण्यात हात घातला की तो तळहाताला येऊन लागायचा. दिवाळीपासून आला नव्हता. म्हातारी अजून त्याच्या वाटणीचाही भात आणत होती.

"तुज्या माशाच्या गालावर पांडरा डाग हाय काय गं?" तिने विचारलं. "डाव्या? आनी वरचा ओठ फाटल्याला?"

आक्काताईला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. हो म्हटलं तर मासा जाणार. दादाचा शेवटचा मासा, ज्याच्यापुढे तो कापऱ्या हाताने रोज सकाळपासून बसतो, तो जाणार. ती म्हणाली, "न्हाय. त्यो येगळा. खालच्या अंगाला धरनात घावलाय."

म्हातारीने मान डोलावली. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे बघत उभे राहिले. उजवी पाकळी पडली.

"दिला," गुरव म्हणाला. "घेऊन जावा, पावणं." गाव चांगलं होतं. दोघे गडी लगेच वाळूत उतरले, तिच्या हातातला कासरा घेऊन त्यांनी लाकूड बांधलं, एसटीच्या टपावर कसं चढवायचं त्याचीही बोलणी झाली. एक पोरगी तिच्यासाठी चहा घेऊन आली.

"बापू," आक्काताई मला म्हणाली, "देवीनं डावा दिला असता न्हवं, तर मी गप परत आलो असतो. पोटात ठेवलो असतो सगळं. पर तिनं उजवा दिला. तिच्या म्होरं खोटं बोललो, आनी तिनं घेऊन जा म्हटलं. मग मला त्या लाकडाला हात लावाय हुईना."

तिने चहा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. डाग आहे, ओठ फाटलेला आहे, मासा आमच्या घरात आहे. गुरव संतापला. कुणी मारला त्याचं नाव सांगा म्हणून माणसं अंगावर आली. ती म्हणाली, नाव मागू नका, मासा आणून देते. मग मागून कुणीतरी विचारलं, "आनी मांस?"

"खाल्लं," आक्काताई म्हणाली. "आमी खाल्लं, गल्लीनं खाल्लं. मला ठावं न्हवतं."

त्यानंतर कुणी शिवीही दिली नाही. बाळाबाई पातेलं उचलून उठली आणि एकटी घरी गेली. आक्काताई म्हणाली, लोकांनी मारलं असतं तरी चाललं असतं, पण ती म्हातारी पाठ करून गेली ते बघवलं नाही.

घरी आल्यावर तिने भावाला सांगितलं. गणपतीदाचा आवाज मी इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता, तो त्या रात्री ऐकला. "लाकूड आनाय धाडलं हुतं तुला," तो म्हणत होता. "लाकूड." पुढे काही दिवस दोघांत बोलणं नव्हतं. आक्काताई त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि दारात येऊन बसायची. मी तिला म्हटलं, तुझा तो नेम नसता तर हे काहीच झालं नसतं. भिंतीवर मासा गेला असता, गावाला पत्ता लागला नसता. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "खरं हाय, बापू," आणि मला माझ्याच बोलण्याचा राग आला.

मग एका सकाळी गणपतीदाने आतून हाक मारली. "आक्के, त्या डागाची कड कशी म्हनाली म्हातारी? गोल, का ओघळल्याली?" बर्फात आलेल्या माशावर डाग त्याने पाहिलेला होता, पण कातडं सुकताना रंग जातात आणि त्याने त्यावर खवल्याचा रंग चढवून टाकला होता. तो रंग त्याने कापसाने पुसून काढला. राजवर्धनसाठी बुजवलेला ओठही पुन्हा उकलला. भिंतीकडे जायची म्हणून मागची बाजू नेहमी कशीही सोडलेली असते, शिवण उघडी, खवले वाकडे. ती त्याने सगळी उसवली आणि केसाएवढ्या दोऱ्याने पुन्हा शिवली. दोन्ही बाजूंनी पुरा असा मासा त्याने आयुष्यात केला नव्हता. उन्हाळा लागला तरी तो त्यावरच होता. मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, हा तर तिथे राईत पडून मातीत जाणार. एवढं कशाला?"

"मातीत जायचा म्हनून कसाबी करून दिऊ व्हय?" तो म्हणाला.

राजवर्धन मध्ये एकदा आला आणि गल्ली ऐकेल असं बोलला. मासा माझा, मी मारलाय. आक्काताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, तुमचाच हाय. आमी त्या गावात घेऊन चाललोय, तिथं येऊन घ्या." डोह देवीचा आहे हे त्याला आधी माहीत होतं की नव्हतं, त्याचं त्याला ठाऊक. तो गेला आणि परत आला नाही.

वैशाखात आम्ही निघालो. माझी जुनी ओम्नी, मागच्या सीटवर दोघं बहीण-भाऊ आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला थोरला. वाटेत गडहिंग्लजला चहाला थांबलो तर गणपतीदा गाडीतून उतरला नाही. म्हणाला, ऊन लागंल त्याला.

गावाने आम्हाला या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. गुरवाने आधीच सांगून ठेवलं होतं की लाकडाचा कौल देवीने दिलेला आहे, तो काही मोडलेला नाही, तेव्हा मासा त्याच लाकडावर बसवा. पण न्यायचा नाही. राईत ठेवायचा, राईतलं जसं पडून राहतं तसं. जांभळीचं मूळ गावच्याच माणसांनी उचलून राईच्या आत नेऊन टेकवलं होतं. गणपतीदाने गुडघ्यावर बसून तारा आवळल्या. हात फार कापत होते, तेव्हा गुरवाने खाली बसून लाकूड धरलं.

मी अनेक दिवाणखान्यांतून गणपतीदाचे मासे पाहिले आहेत. हा तसा नव्हता. मुळाच्या दोन फाट्यांमधून तो निघाला होता, आणि कुठल्याही बाजूने बघा, तो आपल्याकडे यायला निघालेला वाटत होता. मला फार वाईट वाटलं. एका पावसात रंग जाणार होता, दुसऱ्यात वाळवी लागणार होती, आणि या माणसाच्या हातून असलं काही पुन्हा व्हायचं नव्हतं. मी फोटो काढायला फोन बाहेर काढला तर गणपतीदाने मानेनेच नको म्हटलं.

बाळाबाई सगळ्यांत शेवटी आली. लोक बाजूला झाले. तिने माशाच्या डाव्या गालावरून बोट फिरवलं, डागाच्या कडेने, मग फाटक्या ओठावर ठेवलं. "डोळं कशाचं?" तिने विचारलं.

"काचंचं," गणपतीदा म्हणाला.

"आसंच हुतं," म्हातारी म्हणाली. मग ती आक्काताईकडे वळली. आक्काताई मान खाली घालून उभी होती, आणि मला कळत होतं की ती तयार होऊन आली आहे, जे ऐकावं लागेल ते ऐकायला.

"खाल्लासा न्हवं तुमी?" म्हातारीने विचारलं. "कसा लागला?"

काय उत्तर द्यावं हे माणसाला कुठे शिकवलेलं नसतं. मी आक्काताईच्या जागी असतो तर काहीतरी बरं बोललो असतो, की आम्हाला गोड लागला नाही, घास उतरला नाही, असलं काही. पण त्या जागेवर आक्काताई एकदा खोटं बोलली होती.

"लई चांगला लागला, आज्जी," ती म्हणाली. "आसा मासा कदी खाल्लो नव्हतो."

गुरवाने तोंड फिरवलं. बाळाबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "लागनारच," ती म्हणाली. "माज्या हातच्या भातावर वाडलाता त्यो. किती जनांनी खाल्ला?"

"सगळ्या गल्लीनं."

"कुनी टाकला तर न्हाय?"

"न्हाय. काटं सुदीक चोखल्यात."

"मग बरं झालं, बाई," म्हातारी म्हणाली. "मला आपलं वाटायचं, कुठंतरी कुजून पडला आसंल." तिने आक्काताईच्या पाठीवर हात ठेवला आणि पातेलं घेऊन पाण्याकडे उतरली.

आक्काताई तिथेच पाचोळ्यात बसली आणि मोठ्याने रडली. गणपतीदा तिच्याजवळ जाऊन बसला. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो, कारण त्या रश्श्याची चव माझ्या तोंडात आली होती आणि ती अजून चांगलीच लागत होती.